पुणे–सातारा सायकलवर, तेरा वर्षांच्या लेकीसोबत: तयारीचे बारा आठवडे

एका गावातल्या वाचनालयासाठी देणगी गोळा करायची म्हणून पुणे ते सातारा अशी एका दिवसाची सायकलफेरी ठरली. स्वारगेटपासून साधारण ११० किलोमीटर, वाटेत कात्रज आणि खंबाटकी हे दोन घाट. मोठ्यांचा सरावाचा तक्ता निम्मा करून मुलांना देता येत नाही. वेग, थांबे, गिअर सगळं लेकीच्या अंगाने ठरवलं आणि मी त्यात माझं बसवून घेतलं.

सुरुवात सीटच्या उंचीपासून. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकली की पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हलका बाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागून दुखला तर वर. या वयात पाय भराभर लांबतात, म्हणून दर महिन्याला पुन्हा मोजायचं. दुसरी गोष्ट ब्रेकच्या मुठीची. लहान बोटं तिथवर नीट पोचत नाहीत आणि उतारावर मनगटं भरून येतात. बहुतेक मुठींना एक बारीक स्क्रू असतो, तो आत घेतला की मूठ हँडलजवळ येते. दोन मिनिटांचं काम, पण दुकानात आपणहून कोणी करून देत नाही.

घाटासाठी मागचं सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांवरून ३४ वर नेलं. त्याआधी डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला, तेवढं चक्र पेलतं का, ते मेकॅनिककडून पाहून घ्यावं. चेनही बहुधा लांब घ्यावी लागते. जड गिअरवर ताकद लावून चढण्याची मुलांना हौस असते. तिथेच गुडघे जातात. चढाआधीच गिअर हलका करायचा. चढावर पूर्ण जोर लावून बदलला तर चेन उतरते.

आठवड्यातून तीन दिवस सराव: मधले दोन दिवस पाऊण तास, रविवारी लांबचा पल्ला. रविवारचे किलोमीटर आठवड्यागणिक असे: २०, २५, ३०, २०, ४०, ४५, ५५, ३०, ६५, ७५, ८०, २५. चौथा, आठवा आणि शेवटचा आठवडा मुद्दाम हलका आहे, तो गाळू नये. पूर्ण ११० आधी काढायची गरज नाही. नवव्या आठवड्यापासून रविवारच्या पल्ल्यात बोपदेव किंवा कात्रजचा चढ घातला.

पंक्चर लेकीने स्वतः काढायचं, हा नियम. टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या) दोन, पॅच, पंप आणि प्रत्येकी दोन ट्यूब. दोन सायकलींचे वॉल्व्ह वेगळे असतील तर पंप दोन्हींना चालतो का ते घरीच बघावं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, नाहीतर तोच बाभळीचा काटा पुन्हा टोचतो. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. त्या दिसत नाहीत, टायर दुमडून चाचपल्या तरच सापडतात. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली असतील तर दोष काट्याचा नाही, हवा कमी होती.

खाणं भुकेची वाट न बघता दर चाळीस मिनिटांनी: केळं, खजूर, चिक्की. पाणी तासाला अर्धा लिटर, ऊन चढलं की जास्त. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्ध्या बाटलीत कोंबलं तर मळमळ आणि जुलाब होऊ शकतात. शिरवळच्या आसपास मिसळ खुणावते, पण पुढे खंबाटकी आहे. तिथे पोहे बरे. पॅड असलेल्या शॉर्टखाली आतले कपडे घालू नयेत, शिवण घासून कातडं सोलतं.

ताशी १६ चा वेग धरला तर सात तास पॅडल आणि दोन तास थांबे. पहाटे साडेपाचला निघायचं, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, अंगात चमकपट्टीचं जॅकेट. हायवेवर मोठ्याने मागे आणि थोडं उजवीकडे राहावं, म्हणजे मागचा ट्रक आधी मोठ्याला टाळतो. चौकात मात्र पुढे. डाव्या कडेने उलट दिशेने दुचाक्या येतात, त्यासाठी हाताची खूण आधीच ठरवावी. खंबाटकीत दमल्यावर उतरून ढकलायला हरकत नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये, रिम तापते. दोन्ही मिळून दाबायचे, सोडायचे.

देणगीचं काम फेरीआधीच संपवलं. ‘किलोमीटरमागे इतके’ असं कबूल करणारे नंतर फोन उचलत नाहीत, त्यामुळे एकरकमीच मागितली. पैसे थेट संस्थेच्या खात्यात, आपल्या यूपीआयवर नाही. करसवलतीची पावती हवी असेल तर पॅन आणि पत्ता लागतो. रोख २००० रुपयांवरच्या देणगीला सवलत नाही, आणि सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. हे आधी सांगितलं तर मार्चमध्ये ओरड होत नाही.

परतीला टेम्पो केला. सायकल आडवी ठेवताना चेनची बाजू वर, दोन सायकलींमध्ये गोधडी. पुढचं चाक काढलं आणि ब्रेक डिस्कचा असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचा, कारण चुकून मूठ दाबली गेली की पॅड चिकटतात आणि चाक परत बसत नाही.