ए ग्रेड आणि मेणकापड

इंटरमिजिएटला मला ए ग्रेड होती. हे मी पहिल्याच दिवशी त्या समुपदेशक मुलीला सांगून टाकलं. स्थिरचित्रातल्या तांब्याच्या कळशीवरची चकाकी मी अशी काढायचे, की चित्रकलेचे सर माझा कागद वर्गभर फिरवायचे. तिने ऐकून घेतलं, ड्रॉइंग पेपर आणि मेणाच्या खडूंचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, "ताई, आज डाव्या हाताने काढूया."

मला रागच आला.

खरं तर मी गेले होते झोप लागत नाही म्हणून. सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. त्याआधी सहा वर्षं त्या अंथरुणावर. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला एकच शब्द, 'पाणी'. पंखा लाव, पाणी. कूस बदल, पाणी. मुंबईहून लेक भेटायला आली, तिचा हात धरून रडत रडत पाणी. तेराव्याला जो तो मला म्हणाला, "खूप केलंस हो त्यांचं." मी मान हलवली. रडू त्या दिवशी आलं नाही, नंतरही नाही. रात्री दोन वाजता डोळे मात्र टक्क उघडायचे.

पहिले तीन शनिवार मी चक्क फसवाफसवी केली. डाव्या हातानेही कृष्णेचा घाट, देवळाचा कळस, वर चार पाखरं. वाकडंतिकडं, पण 'छान'. मला वाटायचं, लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख, असलं काहीतरी ती माझ्या चित्रातून काढेल. तसलं तिने एकदाही केलं नाही. नुसतं विचारायची, "यात तुम्ही कुठे आहात?" मी कुठेच नसायचे.

चौथ्या शनिवारी डाव्या हातात खडू धरला आणि आठवलं, सासूबाईंनाही डाव्या हाताने जेवावं लागायचं. जन्मभर सोवळं पाळलेली बाई. पहिल्यांदा तसा घास घेतला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी मरून रंगाचा खडू उचलला आणि कागदावर घासत सुटले. खडू मोडला, मग तुकड्याने घासलं. अर्धा कागद भरल्यावर मला कळलं मी काय काढतेय ते. त्यांच्या गादीवरचं मेणकापड. दिवसातून दोनदा डेटॉलच्या पाण्याने पुसायचे ते.

तिने ब्रश आणि पातळ निळा रंग दिला. फिरवला, तर तो कागदात शिरेना. थेंब थेंब होऊन वरच उभा.

"याला काय नाव द्याल?"

"पाणी," मी म्हणाले. आणि मग बोलले. एका रात्री त्यांनी हाक मारली तेव्हा मी जागी होते. उठले नाही. पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत पडून राहिले. हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन चित्रांतून मन मोकळं करण्याच्या या उपचाराबद्दल वाचून काढलं (बँकेतली सवय, कागदपत्रं तपासल्याशिवाय सही नाही). 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रुजवला. १९३८ मध्ये तो क्षयाने ससेक्समधल्या सॅनिटोरियममध्ये होता आणि तिथे पडल्यापडल्या चित्रं काढायचा. आणखी एक सापडलं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं माती, स्केचपेन, चिकटकामाचे कागद देऊन बसवलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुमारे ७५ टक्के जणांचं कॉर्टिसॉल उतरलं होतं, आणि आधी चित्रकला येत होती की नव्हती याने काही फरक पडला नव्हता. म्हणजे माझी ए ग्रेड गेली पाण्यात. पहिले तीन शनिवार मी बहुधा उरलेल्या २५ टक्क्यांत असणार.

झोप अजून आठवड्यातून दोनदा तरी मोडते. पण मोडली की उठून स्वयंपाकघरात बसते, घड्याळाकडे बघत पडून राहत नाही.

तो मरून कागद मी कपाटात साड्यांखाली ठेवला होता. परवा ह्यांना सापडला. "हे काय?"

"आईंचं मेणकापड."

मला वाटलं, हसतील. कागद खिडकीपाशी नेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

"या कोपऱ्यात फाटलं होतं," म्हणाले. "मी चिकटपट्टी लावली होती. ती नाही काढलीस."