सही आईची

"अवयवदानाचे कार्ड माझ्या मुलाने भरले होते, सही मात्र मला करावी लागली," अवयवदात्यांच्या कुटुंबीयांच्या आजच्या सत्कारात शेजारच्या खुर्चीवरच्या मावशी हातातली शाल न उलगडताच म्हणाल्या, आणि ते वाक्य अजून मनातून जात नाही.

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबणे, जाहीर करण्यापूर्वी 4 डॉक्टरांच्या मंडळाला किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या कराव्या लागतात. त्या साऱ्या वेळात व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत असते, हृदय चालू असते, हात उबदार लागतो, आणि अशा मुलाकडे पाहत आईने होकार द्यायचा असतो. दानपत्र भरलेले असले तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीशिवाय आपल्याकडे पुढे काही होत नाही.

"एकदा जेवताना तो अवयवदानाबद्दल बोलला होता, म्हणून मला धीर झाला," असेही त्या म्हणाल्या.

दात्याचा गौरव आपण भरभरून करतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु त्या 6 तासांत अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्यांची, आणि पुढे वर्षानुवर्षे 'आपण योग्य केले ना' हा प्रश्न सोसणाऱ्यांची, विचारपूस कोण करते?