ब्राझीलमध्ये क्लब जिथे जन्मले तिथे जाऊन आलो (जाणाऱ्यांसाठी माहितीसकट)

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला क्लब म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, या सगळ्या आधी तालमी होत्या, लाल माती आणि कुस्ती, मग त्याच पेठेतल्या पोरांनी फुटबॉल धरला आणि आजही टीमच्या नावात 'तालीम' तशीच आहे. हे डोक्यात असल्यामुळे एकदा फ्लामेंगोचं पूर्ण नाव वाचलं तेव्हा मी थांबलोच. क्लुबी दे रेगातास दो फ्लामेंगो. रेगातास म्हणजे होड्यांच्या शर्यती! जगातला एवढा मोठा फुटबॉल क्लब आणि नावात अजून वल्ही मारतोय. तेव्हाच ठरवलं की ब्राझीलला कधी गेलो तर नुसतं रिओचं माराकाना स्टेडियम बघून परत यायचं नाही, हे क्लब ज्या गल्लीत, ज्या गिरणीत, ज्या पाण्यावर सुरू झाले तिथे जायचं. या मार्चमध्ये मी आणि बायको सोळा दिवस जाऊन आलो. कुणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहितोय.

आधी कामाचं. आपल्या पासपोर्टला व्हिसा लागतो, तो निघायच्या बराच आधी काढा. आणि दुसरी गोष्ट, जी बरेच जण विसरतात, पिवळ्या तापाची लस. ब्राझीलहून भारतात परत येताना तिचं सर्टिफिकेट विचारतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली पाहिजे. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते, तिथे नंबर लावावा लागतो. आम्ही मुंबईहून आदिस अबाबामार्गे साओ पावलोला गेलो. ते लोक आपल्या साडेआठ तास मागे आहेत, त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे तीनला टक्क जाग येते, काही ठरवू नका त्या दिवशी.

साओ पावलोत सुरुवात करा पाकाएम्बू स्टेडियमपासून. स्टेडियमच्या समोरच्या चौकाचं नाव चार्ल्स मिलर, आणि स्टेडियमच्या पोटातच फुटबॉलचं म्युझियम आहे (सोमवारी बंद, मंगळवारी फुकट, आम्ही मंगळवारी गेलो). तीन तास धरून जा. क्लिनिकास मेट्रो स्टेशनवरून उतारावर चालत जाता येतं, येताना मात्र चढ आहे.

हा मिलर म्हणजे साओ पावलोतच जन्मलेला, वडील स्कॉटलंडचे, रेल्वेत कामाला. शिक्षणासाठी इंग्लंडला साउदॅम्प्टनला पाठवला आणि १८९४ मध्ये परत आला तो फुटबॉल आणि नियमांचं पुस्तक घेऊन. १४ एप्रिल १८९५ ला वार्झिया दो कार्मो नावाच्या नदीकाठच्या सखल मैदानावर रेल्वेवाले विरुद्ध गॅस कंपनीवाले अशी मॅच झाली, रेल्वेने ४-२ ने जिंकली. ती जागा आज पार्क दोम पेद्रो भागात येते, नुसते पूल आणि बस टर्मिनल, बघण्यासारखं काही उरलेलं नाही, मुद्दाम जाऊ नका. पण शब्द उरलाय. आजही तिथे हौशी गल्ली फुटबॉलला 'वार्झियाचा फुटबॉल' म्हणतात, म्हणजे नदीकाठच्या पाणथळीचा. मैदान गेलं, नाव राहिलं.

इंग्रज तिथे का होते? कॉफीसाठी. घाटावरची कॉफी सांतोस बंदरात उतरवायला साओ पावलो रेल्वे बांधली ती इंग्रज कंपनीने, १८६७ मध्ये सुरू झाली, आणि त्या रेल्वेबरोबर इंजिनियर, कारकून आणि त्यांचे खेळ आले. वेळ असेल तर पारानापियाकाबाला एक दिवस द्या, घाटमाथ्यावरचं रेल्वेचं गाव, धुकं, लाकडी घरं आणि घड्याळाचा मनोरा, आपल्याकडच्या लोणावळा-खंडाळ्याच्या जुन्या रेल्वे चाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना लगेच ओळखीचं वाटेल. लोकल ट्रेनने रियो ग्रांदे दा सेर्रापर्यंत आणि पुढे बस. स्वेटर न्या.

पण इंग्रजांनी खेळ आणला एवढ्यावर थांबलं तर निम्मीच गोष्ट कळते. तो खेळ त्यांच्या हातातून कसा सुटला ते बघायला बोम रेतिरोला जायचं. लूझ स्टेशनवरून चालत. रुआ जोझे पाउलिनो म्हणजे आज कपड्यांच्या होलसेल दुकानांची गल्ली, खांद्यावर गठ्ठे घेतलेली माणसं, हातगाड्या, गर्दी. तिथे रुआ कोनेगो मार्तिन्सच्या कोपऱ्यावर १ सप्टेंबर १९१० ला पाच कामगारांनी दिव्याच्या उजेडात कोरिंथियान्स क्लब काढला. भिंती रंगवणारे दोघे, एक बूट बनवणारा, एक गाडी हाकणारा, एक मजूर. लंडनचा कोरिंथियन नावाचा हौशी संघ तेव्हा दौऱ्यावर आला होता, त्यांचा खेळ बघून हे वेडे झाले आणि नावच उचललं. पहिला अध्यक्ष शिंपी होता. आणि आज त्याच गल्लीत शिलाई मशिनी चालू आहेत! मी त्या कोपऱ्यावर बराच वेळ उभा होतो, बायको पलीकडच्या दुकानात. सकाळी जा, दुपारनंतर दुकानं लवकर बंद होतात आणि मग ती गल्ली एकदम सुनसान होते.

पाल्मेइरासची गोष्ट इटालियन लोकांची. १९१४ मध्ये 'पालेस्त्रा इतालिया' म्हणून सुरू झालेला क्लब, दुसऱ्या महायुद्धात ब्राझील इटलीच्या विरोधात गेल्यावर हे नाव ठेवणं अशक्य झालं, १९४२ मध्ये नाव बदलून पाल्मेइरास केलं आणि २० सप्टेंबरला नव्या नावाने पहिल्याच मॅचला ब्राझीलचा झेंडा हातात धरून टीम मैदानात उतरली, साओ पावलो क्लबला ३-१ ने हरवून त्या वर्षीचे चॅम्पियन झाले. बेलो होरिझोंतेचा क्रूझेइरोसुद्धा आधी पालेस्त्रा इतालियाच होता, त्यांनाही त्याच वर्षी नाव सोडावं लागलं. पाल्मेइरासचं आजचं स्टेडियम चकाचक आहे, टूर ठीक, घाई असेल तर हे वगळा.

हे मात्र वगळू नका: मोओका भागातल्या रुआ जावारी रस्त्यावरचं, जुवेंतुस क्लबाचं मैदान. माझ्यासाठी साओ पावलोतली सगळ्यात भारी जागा. १९२४ मध्ये क्रेस्पी कापडगिरणीच्या कामगारांनी काढलेला क्लब, स्टेडियमला गिरणीमालक काउंट रोदोल्फो क्रेस्पीचं नाव, पण सगळे नुसतं जावारी म्हणतात. छोटंसं ग्राउंड, तारेच्या जाळीला नाक लावून मॅच बघायची, गोलकीपरशी बोलता येईल इतकं जवळ, आणि हाफटाइमला कॅनोलीसाठी रांग, कुरकुरीत नळीत गोड क्रीम भरलेलं इटालियन पक्वान्न. पहिला हाफ संपायच्या पाच मिनिटं आधीच उठा नाहीतर संपतात. आमच्या शेजारी एक आजोबा मरून रंगाच्या जर्सीत बसले होते, आम्ही भारतातून आलोय म्हटल्यावर त्यांनी हाताला धरून पेलेचा अर्धपुतळा दाखवायला नेलं. २ ऑगस्ट १९५९ ला पेलेने इथे एक गोल केला, बचाव करणाऱ्यांच्या डोक्यावरून एकामागून एक बॉल उचलत शेवटी गोलकीपरच्याही डोक्यावरून, आणि मग हेडर. पेले स्वतः तो आपला सगळ्यात सुंदर गोल मानायचे, आणि त्याचं चित्रीकरणच नाही! नंतर कॉम्प्युटरवर तयार केला तो लोकांच्या आठवणींवरून. आजोबांनी पोर्तुगीजमध्ये हातवारे करत तो गोल पूर्ण करून दाखवला, मला भाषा येत नाही पण एकही बॉल चुकला नाही.

जावारीला तिकीट खिडकीवर मिळालं, काही त्रास नाही. मोठ्या क्लबांचं तसं नाही. एका साइटवर मी तासभर घालवला, ती शेवटपर्यंत सीपीएफ नंबर मागत राहिली, तो त्यांच्या पॅनकार्डासारखा असतो आणि आपल्याकडे नसतो. पासपोर्ट नंबरवर घेणारे क्लब आहेत, आधी ते बघा. शिवाय मोठ्या स्टेडियममध्ये आता गेटवर चेहरा ओळखून आत सोडतात, त्यामुळे तिकीट घेताना फोटो नोंदवावा लागतो, ते मॅचच्या दिवशी करू नका. साओ पावलोत दोन मोठ्या क्लबांची आपसातली मॅच असेल तर फक्त यजमानांच्या प्रेक्षकांनाच प्रवेश असतो. कपडे साधे घाला, कुठल्या भागात कुठला रंग चालत नाही हे आपल्याला कळत नाही.

सांतोस एका दिवसात होतं, जाबाक्वारा टर्मिनलवरून बस, घाट उतरून खाली. जुन्या वालोंगो स्टेशनाजवळ पेले म्युझियम आहे, म्हणजे कॉफीची रेल्वे जिथे संपायची तिथेच. सांतोस क्लब १४ एप्रिल १९१२ चा, ज्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळलं ती तारीख. विला बेल्मिरो हे त्यांचं मैदान घरांच्या मध्येच आहे.

मग रात्रीच्या बसने रिओ, साधारण सहा तास.

रिओत पहिल्या दिवशी पहाटे लागोआ तळ्यावर जा. सहा-साडेसहाला वल्ही मारणारी पोरं दिसतात, फ्लामेंगोची आणि वास्कोचीही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रिओत गर्दी खेचायची ती होड्यांची शर्यत. फ्लामेंगो १८९५ चा आणि वास्को १८९८ चा, दोन्ही होड्यांसाठी निघालेले. बोताफोगोचा रोइंग क्लब १८९४ चा, फुटबॉलचा वेगळा १९०४ चा, दोघं १९४२ मध्ये एक झाले. उलट फ्लूमिनेन्से १९०२ पासूनच फुटबॉलचा, ऑस्कर कॉक्स नावाच्या स्वित्झर्लंडमध्ये शिकून आलेल्या तरुणाने काढलेला, पैसेवाल्यांचा. १९११ मध्ये फ्लूमिनेन्सेचे चॅम्पियन खेळाडू भांडून बाहेर पडले आणि फ्लामेंगोत जाऊन फुटबॉल सुरू केला, त्यातूनच ती प्रसिद्ध फ्ला-फ्लू लढत. पहिली ७ जुलै १९१२ ला, आणि गंमत म्हणजे सोडून गेलेले चॅम्पियन हरले, ३-२. फ्लूमिनेन्सेची लारांजेइरासची इमारत रंगीत काचांसाठी तरी बघा, लार्गो दो माशादो मेट्रोवरून चालत. ब्राझीलचा राष्ट्रीय संघ पहिली मॅच इथल्याच मैदानावर खेळला, १९१४ मध्ये.

आता वास्को. गोव्यातल्या वास्को गावातून कितीदा गेलोय, पण या क्लबाचं नाव तेच आणि कारणही भारताशी जोडलेलं हे माहीत नव्हतं. वास्को द गामा भारतात पोचला त्याला १८९८ मध्ये ४०० वर्षं झाली, त्या निमित्ताने रिओतल्या पोर्तुगीज लोकांनी हे नाव ठेवलं. छातीवर गलबत आणि क्रॉस. आपल्यासाठी ते नाव काय घेऊन आलं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून मी जरा मन घट्ट करूनच साओ जानुआरिओला, म्हणजे त्यांच्या स्टेडियमला, गेलो होतो. पण त्या क्लबाने पुढे जे केलं ते ऐकून नावाकडे बघण्याची माझी नजर बदलली.

१९२३ मध्ये वास्को वरच्या लीगमध्ये नवीन आला आणि पहिल्याच वर्षी जिंकला. टीममध्ये काळे, मिश्र वंशाचे, मजूर, ड्रायव्हर. पुढच्या वर्षी मोठ्या क्लबांनी वेगळी लीग काढली आणि वास्कोला अट घातली की तुमचे बारा खेळाडू काढा, त्यांचे व्यवसाय आम्हाला पसंत नाहीत. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. ७ एप्रिल १९२४ ला वास्कोच्या अध्यक्षांनी पत्र लिहिलं की या बारा जणांचा बळी देऊन आम्हाला तुमच्यात यायचं नाही. या पत्राला तिथे 'ऐतिहासिक उत्तर' म्हणतात. मैदान नाही हाही वास्कोवर ठपका होता, तर सभासदांनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढून २१ एप्रिल १९२७ ला साओ जानुआरिओ उभं केलं, त्या वेळी दक्षिण अमेरिकेतलं सगळ्यात मोठं. दर्शनी भाग बघा, अजून तसाच देखणा आहे. टूर आधी बुक करा, अ‍ॅपची टॅक्सी थेट गेटपर्यंत घ्या, आजूबाजूला फिरत बसू नका.

काळ्या आणि कामगार खेळाडूंचा वास्कोच्या आधीचा धागा रिओतल्याच बांगू भागात सापडतो. सेंट्रल दो ब्राझील स्टेशनवरून सांता क्रूझ लाइनची लोकल, तासभर लागतो, डब्यात फेरीवाले पाणी, शेंगदाणे, चार्जर विकतात, अगदी आपल्या मुंबईच्या लोकलसारखं. बांगूची कापडगिरणी आता मॉल झालीय, लाल विटांच्या भिंती आणि चिमणी ठेवलीय. लालबाग-परळ ज्यांनी पाहिलंय त्यांना पोटात काहीतरी होईल. तिथे थॉमस डोनोहो या स्कॉटिश रंगाऱ्याचा पुतळा आहे, गिरणीत कापड रंगवायला आलेला माणूस. बांगूवाले म्हणतात की त्याने १८९४ मध्येच, मिलरच्या मॅचच्या आधी, इथे फुटबॉल खेळला. क्लब १९०४ चा, आणि १९०५ च्या टीमच्या फोटोत फ्रान्सिस्को कारेगाल बसलाय, गिरणीतला विणकर, आई काळी, वडील पोर्तुगीज. १९०७ मध्ये लीगने काळ्या लोकांची नोंदणी बंद केली तेव्हा बांगू लीग सोडून बाहेर पडला. गिरणीला माणूस लागत होता आणि टीमलाही, एवढं साधं गणित असेल कदाचित, पण निघून जाणं सोपं नव्हतंच.

खाण्याबद्दल, शाकाहारींसाठी 'पोर किलो' हॉटेलं बेस्ट, ताटात हवं ते घ्या आणि वजनावर पैसे द्या. राजम्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, विचारा. 'सें कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलं तरी हॅम किंवा चिकन येऊ शकतं कारण कार्ने म्हणजे त्यांच्या डोक्यात बीफ, म्हणून सरळ वेजेतारिआनु आहे म्हणा, बाई असेल तर वेजेतारिआना. चीजचे छोटे गरम पाव सगळीकडे मिळतात, आम्ही त्यावरच जगलो. आभार मानताना पुरुषाने ओब्रिगादु, बाईने ओब्रिगादा.

आणि बांगूला सकाळीच निघा, मॉल आणि पुतळा बघून, तिथेच जेवून, चारच्या आत परतीची लोकल पकडा, अंधार पडायच्या आधी सेंट्रलला पोचलेलं बरं.