साय धरलेले रक्त

शनिवार, रात्रीचे साडेदहा

आईच्या रक्ततपासणीचा अहवाल आज संध्याकाळी हाती आला. ईएसआर, म्हणजे नळीतल्या रक्तातले लाल कण किती वेगाने खाली बसतात ते, पहिल्या तासाला ६८ मिलिमीटर. मनगटे आणि गुडघे गेले तीन आठवडे सुजलेलेच असल्यामुळे आकडा वाढलेला असणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे धक्का बसला नाही. पण हा आकडा नेमके काय मोजतो याचा विचार करताना मन दीडशे-दोनशे वर्षे मागे, युरोपातील वैद्यांच्या रक्त काढण्याच्या वाडग्यापाशी जाऊन थांबले.

उपचार म्हणून शीर कापून काढलेले रक्त ते वैद्य लगेच फेकून देत नसत. ते थिजेपर्यंत वाट पाहत. निरोगी माणसाच्या रक्ताची गुठळी बहुधा वरपर्यंत लाल असे, परंतु न्यूमोनियाच्या किंवा सांधे धरणाऱ्या तापाच्या रुग्णाच्या रक्तावर पिवळट पांढरी, चिवट साय धरत असे. ती दिसली की आत दाह आहे असे समजायचे आणि पुन्हा रक्त काढायचे. गंमत म्हणजे धडधाकट घोड्याच्या रक्तावरही अशी साय येते, पण म्हणून काही घोडा आजारी ठरत नाही. ही साय लाल कणांची नसून रक्ताच्या द्रव भागातून गोठणाऱ्या पदार्थाची असते, हे लंडनच्या विल्यम ह्यूसन यांनी १७७१ च्या सुमारास दाखवून दिले. तो पदार्थ म्हणजे पुढे ज्याला फायब्रिन म्हणू लागले तो.

मला खरे आकर्षण वाटते ते १८४० मध्ये पॅरिसच्या गाब्रिएल आंद्राल आणि झ्यूल गावारे यांनी केलेल्या कामाचे. साय किती जाड आहे हे डोळ्यांनी ठरवण्याऐवजी त्यांनी फायब्रिन तराजूत घातले. ताजे रक्त काटक्यांनी घुसळायचे, लोण्यासारखे वर येणारे तंतू गोळा करायचे, पांढरे होईपर्यंत धुवायचे, वाळवायचे आणि तोलायचे. निरोगी रक्ताच्या हजार भागांत फायब्रिन सुमारे तीन भाग भरे. न्यूमोनियात आणि तीव्र संधिवातात ते सहा-सात, कधी दहापर्यंत जाई. टायफॉइडमध्ये मात्र ताप कितीही चढलेला असला तरी ते वाढत नसे, उलट कधी कधी घटलेले आढळे. धुतलेल्या तंतूंत पांढऱ्या पेशीही अडकून राहत, त्यामुळे ते वजन निव्वळ फायब्रिनचे नव्हते. तरीही दोन तापांमधला असा फरक वजनावर पकडणे ही मला मोठी गोष्ट वाटते. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ सिमोन यांनी फायब्रिन वाढलेल्या रक्ताला हायपरिनोसिस आणि घटलेल्या रक्ताला हायपिनोसिस अशी नावे वापरली.

त्याच मोजमापांतून आणखी एक गोष्ट पुढे आली होती. पुन्हा पुन्हा रक्त काढल्याने लाल कण कमी होत, फायब्रिन मात्र कमी होत नसे. आजार भरात असेल तर ते वाढतच जाई. म्हणजे ज्या खुणेवर विसंबून शीर कापायची, ती खूण शीर कापल्याने हटत नव्हती, आणि तरीही वाडगे लगेच बाजूला पडले नाहीत, याचे मला आज फार वाईट वाटले.

व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ रोकितान्स्की तर आणखी पुढे गेले आणि त्यांनी रक्तातील अशा बिघाडांनाच अनेक रोगांचे मूळ ठरवले. १८४६ मध्ये पंचविशीच्या आसपासच्या रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांनी या मांडणीवर इतकी कठोर टीका केली की रोकितान्स्कींनी ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. मला यात पराभूत झालेल्या वयस्क विद्वानाचा मोठेपणाच अधिक दिसतो.

साय धरण्याचे कोडे उलगडले ते १९१८ ते १९२१ या काळात, स्टॉकहोममध्ये. रॉबिन फॅरेउस या स्वीडिश डॉक्टरांना गर्भवती स्त्रियांच्या रक्तात लाल कण फार लवकर तळाला बसताना दिसले. द्रवातील फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून फायब्रिन बनते ते प्रथिन, वाढले की लाल कण नाण्यांच्या चळतीसारखे एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि झपाट्याने खाली जातात. वाडग्यातले रक्त गोठायच्या आत ते खाली गेले की वरचा थर लाल कणांवाचून थिजतो, आणि तीच ती साय. ईएसआर म्हणजे नळीत त्याच बैठकीचा वेग मोजणे. जुन्या वैद्यांची नजर चुकलेली नव्हती. शरीर दाहाला देत असलेल्या उत्तरालाच त्यांनी रोग मानले.

अहवालाचा कागद फाइलमध्ये लावत होतो तेव्हा आईने विचारले, "आकडा उतरायला काय करायचं रे?" आकड्याला काहीच करायचे नाही, औषध सांध्यांसाठी आहे, असे मी सांगितले. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचे आहे हे मात्र तिला अजून सांगितलेले नाही.