मूकपटवही: ‘द जनरल’, तिसरी फेरी

माझा नेम असा, की एक मूकपट तीनदा बघायचा. एकदा संगीतासकट, एकदा आवाज बंद करून आणि शेवटी रिमोट हातात धरून, थांबत थांबत. बस्टर कीटनच्या ‘द जनरल’ची (1926) तिसरी फेरी काल झाली. कोल्हापुरात मंगळवार पेठेतली आमची गच्ची, प्रोजेक्टर आणि दोरीवर चादर. वारा सुटला की आगगाडीचं पोट फुगतं, तेवढं चालवून घ्यायचं.

या खेपेला स्लीपरपाशीच, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडापाशीच अडकलो. कीटन यात इंजिन ड्रायव्हर; त्याचं इंजिन पळवून नेणाऱ्या शत्रूनं रुळांवर लाकडी स्लीपर टाकलेत. कीटन चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलाय, उराशी एक स्लीपर. पुढ्यात दुसरा आडवा पडलाय. हातातला तो नेमका त्याच्या टोकावर आपटतो, पडलेला उडून बाजूला! आठ-दहा वेळा मागं नेऊन बघितलं. इंजिन खरं, लाकूड खरं, आणि चेहऱ्यावर फक्त ड्रायव्हरची काळजी, की रूळ मोकळा झाला पाहिजे. स्टंट करतोय असं त्याच्या अंगात कुठं दिसतच नाही. प्रेमभंगानंतर चाकांच्या दांड्यावर बसतो तेव्हाही तसंच. इंजिन हलतं, दांडा त्याला वरखाली नेतो आणि याला पत्ताच नाही.

दुसऱ्या फेरीत न दिसलेली एक गोष्ट म्हणजे गाडी उत्तरेला जाताना हा पाठलाग करतो, परतताना त्याचाच पाठलाग होतो, आणि पाण्याची टाकी, तारा, लाकडं पुन्हा येतात, पण डाव उलटलेला असतो. कथेची सगळी बांधणी त्या एका रुळावर.

आजी अर्धा तास बसली होती. त्याची प्रेयसी ॲनाबेल भोक दिसलं म्हणून चांगला ओंडका फेकून देते आणि भट्टीत चिमुकली काडी टाकते, तेव्हा म्हणाली, “हिला चूल पेटवायला कुणी शिकवलं न्हाई व्हय?” कीटन तिचा गळा धरतो आणि लगेच मुका घेतो, तेव्हा मात्र पदर तोंडाला.

पूल कोसळून खरं इंजिन नदीत पडतं, तो शॉट एकदाच घेतलेला; दुसरा घेणार कसा? त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या गावात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला होता, हे डोक्यातून जाईना.

पुढच्या रविवारी ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’. त्यात वादळ आहे, तेव्हा चादरीला चिमटे दुप्पट.