एक्सपल्स 200: सीट, स्प्रॉकेट आणि टाकीचा हिशेब

14 दात्यांचं पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) लावून एक अख्खा पावसाळा उलटला, सीटही आता बसून बसून मुरली आहे. पुढच्या कामाला हात घालण्याआधी आजवरचं लिहून ठेवतो. ज्यांच्याकडे हीच गाडी आहे त्यांचे चार पैसे वाचले तर बरंच.

गाडी म्हणजे हिरोची मोटरसायकल, एक्सपल्स 200 फोर व्ही, 2022 ची. 199.6 सीसी, 19.1 पीएस, पाच गिअर, पुढे 21 आणि मागे 18 इंची स्पोकची चाकं, 13 लिटरची टाकी. रोजचं ऑफिस पुण्यातच, सुट्टीला वेल्हे-पानशेत-मुळशीकडचे कच्चे रस्ते, आणि यंदा जुलैत मनाली-लेह करायचा बेत. इंजिनाला हात लावलेला नाही आणि लावायचाही नाही. सायलेन्सर कंपनीचाच आहे, कारण आवाज वाढवून या गाडीची ताकद वाढते यावर माझा विश्वास नाही. एवढ्याशा ताकदीच्या गाडीत एक गोष्ट सुधारली की दुसरीकडून वसुली होते, म्हणून प्रत्येक वेळी एकच बदल करायचा, ताम्हिणी-माणगाव-महाड-वरंधा-भोर अशी एकच फेरी मारायची आणि मगच पुढचं, असा क्रम ठेवला. वरंधा पावसात बंद असला की ताम्हिणीनेच परत.

सुरुवात सीटपासून, कारण बाकी काहीही केलं आणि बूड दुखत राहिलं तर सगळं फुकट. कंपनीची सीट अरुंद आहे आणि ते मुद्दामच: उभं राहून चालवताना गुडघ्यांत गाडी घट्ट धरता यावी, आणि सीटची उंची 825 मिमी असूनही पाय जमिनीला पोचावेत. पण सातारा रस्त्याला लागून तासभर झाला की फोम दबतो आणि माकडहाडाला खालचं प्लास्टिक जाणवायला लागतं. अंगठ्याने सीट जोरात दाबून बघा, लगेच कळेल.

नाना पेठेत सीट शिवणारे एक मामा आहेत. मी तयार जेल पॅड घालायचं डोक्यात ठेवून गेलो होतो. त्यांनी सीट उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, फोम चढवायचा नाही, पसरवायचा. उंच केलीत तर सिग्नलला चवड्यावर उभे राहाल." मग त्यांनी मागचा भाग दोन्ही बाजूंनी वाढवला, म्हणजे बसण्याची दोन हाडं जिथे टेकतात तेवढाच. टाकीजवळ मात्र सीट होती तेवढीच अरुंद ठेवली. खाली दाबून केलेला रिबॉन्डेड फोम, वर इंचभर मऊ फोम. मऊ थर एकटाच असेल तर दुकानात बसून बघताना झकास वाटतो आणि खोपोलीपर्यंतसुद्धा टिकत नाही. सीटचा पुढचा उतारही थोडा कमी करून घेतला, नाहीतर प्रत्येक ब्रेकला माणूस घसरत टाकीवर जातो.

पहिल्या पावसात मात्र वेगळाच प्रकार निघाला. ताम्हिणीत दिवसभर भिजून झाल्यावर कोकणात ऊन लागलं, रेनकोट काढला, गाडी कोरडी दिसत होती, आणि बसल्यावर पाच मिनिटांत पॅन्ट ओली. सीटच्या मधोमध आडवी शिलाई होती. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत गेलेलं, आणि वजन पडलं की फोम ते वर फेकत होता. त्या शिलाईवर बोट दाबलं तर रांगेने थेंब उभे राहायचे. दुसऱ्या वेळी शिलाई बाजूच्या उभ्या कडेवर नेली आणि रेक्झीनखाली प्लास्टिकचा पातळ कागद घातला. त्यानंतर पाणी नाही. सीट शिवायला टाकणार असाल तर बसायच्या जागी शिलाई नको हे आधीच सांगा, दोरा कितीही भारी असला तरी.

हँडल 30 मिमी उंच केलं, रायझर (हँडलखाली बसणारे उंचीचे तुकडे) लावून. हे बसून चालवण्यासाठी नाही, उभं राहिल्यावर पाठ वाकू नये म्हणून. त्याची वसुली अशी की बसल्यावर अंग मागे जातं, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि बारीक खडीवर वळताना पुढचं चाक तरंगल्यासारखं वाटतं. वळणात थोडं पुढे सरकून बसायची सवय लावून घ्यावी लागली. रायझर लावल्यावर एक तपासणी टाळू नका: इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवायचं. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जरासाही वर गेला तर एक्सलेटरची वायर ओढली जात आहे, तिचा मार्ग बदलायचा. क्लच वायर आणि पुढच्या ब्रेकचा पाइपही तेव्हाच बघायचा. माझ्या गाडीत 30 पर्यंत सगळं कंपनीच्याच वायरींवर बसलं.

उंच काच लावून काढली. तिच्या वरच्या कडेवरून फुटलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळायचा, आणि 80 च्या पुढे मान हलायची. काच नसताना छातीवर वारा येतो, पण तो निदान सरळ येतो.

आता गिअरिंग. कंपनीचं पुढचं स्प्रॉकेट 13 दात्यांचं. मागचं न बदलता पुढे 14 लावलं की प्रत्येक गिअर 7.7 टक्के लांब होतो, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी तेवढी जास्त पुढे जाते. मागे तीनेक दाते कमी केल्यावर जो परिणाम होईल, तो पुढच्या एका दात्यात मिळतो, म्हणून मागच्याच्या वाटेला जायचं कारण नाही. ज्या वेगाला 13 वर 6500 आरपीएम दिसायचे, तिथे 14 वर साधारण 6035 दिसतात. हाताला येणारी झिणझिण कमी झाली, ही खरी कमाई. वरचा वेग वाढला नाही, उलट भर वाऱ्यात थोडा कमीच झाला. यात नवल काही नाही: या इंजिनाचा 17.35 न्यूटन मीटरचा कमाल जोर 6500 आरपीएमला मिळतो, आणि आपण त्याला त्याच्या खाली चालायला लावतो. खंबाटकीच्या चढाला सामान लादलेलं असेल तर पाचवा सोडून द्यायचा आणि चौथ्यात जायचं. "14 लावलं की गाडी पळते" असं सांगणाऱ्याने ते सपाट रस्त्यावर, वारा पाठीशी घेऊन पाहिलं असणार.

कच्च्यावर हिशेब उलटा. वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाच्या अंगाने जाताना दगडातून चालण्याच्या वेगाने सरकायचं असतं. 13 वर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी कुरकुरत का होईना, पुढे जाते. 14 वर तिथेच इंजिन धडधडतं, मग क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो, आणि चढ लांब असेल तर क्लच प्लेटांचा जळका वास नाकात येतो. पाबे घाटातल्या उभ्या वळणांवर पहिला छोटा पडतो आणि दुसरा मोठा. त्यामुळे आता दोन्ही स्प्रॉकेटं घरात आहेत. शहर आणि हायवे 14 वर, पावसाळ्यानंतरचे कच्च्या रस्त्याचे महिने 13 वर. 12 मिळतं, पण मला नको. चेनला त्यावर जास्त घट्ट वळावं लागतं, चेन आणि स्विंगआर्मवरचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचं) रबर दोन्ही लवकर झिजतं.

बदलायला फार काही लागत नाही. पुढचं कव्हर काढलं की आत काळ्या ग्रीसमध्ये मळलेली माती, गवताच्या काड्या आणि एखादा खडा, असा बोटभर थर निघतो. तो स्क्रूड्रायव्हरने खरवडून आधी साफ करायचा, नाहीतर सगळा नव्या चेनवर जातो. मागचा एक्सल सैल करायचा, चाक पुढे ढकलायचं, चेन उतरवायची. एका दात्याच्या फरकाला मागचं चाक जेमतेम तीन-चार मिलिमीटर सरकतं, त्यामुळे चेनची कडी तोडावी लागत नाही. 14 बसवल्यावर कव्हर लावण्याआधी चाक हाताने पूर्ण फिरवून चेन कुठे घासत नाही ना ते बघायचं. चेनची ढील मोजताना मागे कोणालातरी बसवा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो जिथे वर-खाली फिरतो ती जागा) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणलेली असते. मागे सस्पेन्शनचा 170 मिमी प्रवास (चाक वर-खाली हलण्याची मुभा) असलेल्या गाडीत स्टँडवर योग्य वाटणारी ढील वजन पडल्यावर कमी पडते. बरेच मेकॅनिक रस्त्यावरच्या गाडीसारखी चेन आवळून देतात आणि मग गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो.

मायलेजबद्दल एक सावधगिरी. ज्या गाडीचा मीटर गिअरबॉक्सवरून माप घेतो, तिच्यात पुढचं स्प्रॉकेट मोठं केलं की चाक जास्त फिरतं आणि मीटर कमी अंतर दाखवतो. म्हणजे मायलेज प्रत्यक्षात वाढलं तरी कागदावर घटलेलं दिसेल. मीटर कुठून माप घेतो याच्या वादात न पडता मी अंतर फोनच्या जीपीएसवर मोजतो आणि टाकी प्रत्येक वेळी त्याच पंपावर, साइड स्टँड काढून, गाडी सरळ धरून भरतो. गळ्यापर्यंत मात्र नाही. बीएस 6 गाडीत टाकीची वाफ कॅनिस्टरमध्ये (वाफ शोषणाऱ्या डबीत) जाते, काठोकाठ भरलं तर तिथे पेट्रोल जायचं.

आकडे असे आले: 75-80 च्या वेगाने लिटरला 40 च्या आसपास, 95 च्या आसपास ताणली तर 31-32, आणि सामान लादून घाटात 33. 13 आणि 14 मधला फरक सपाटीवर लिटरला एक-दीड किलोमीटर, घाटात शून्य. वेगातला फरक त्याच्या कितीतरी पट. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि ही गाडी उभी, रुंद हँडलची, वर बसलेला माणूस पालासारखा वारा अडवणारा. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के कमी. जुन्या मायलेजवरून लांबचा बेत आखणार असाल तर तेवढं आधीच कापून ठेवा.

लेहच्या रस्त्यावर तांदीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी आहे. 13 लिटर गुणिले 33 म्हणजे 429. कागदावर पुरतं, पण वारा, वाळू आणि वाटेत एखादा आडवा फाटा धरला तर उरलेले साठ किलोमीटर कुठे जातात कळत नाही. मोठी टाकी बसवण्याचा विचार मी केला होता. पण ती भरली की वजन उंचावर जातं, आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे असा बदल आरटीओ आणि विम्याच्या दृष्टीने डोकेदुखी ठरू शकतो. त्याऐवजी पेट्रोलसाठीच बनवलेला तीन लिटरचा कॅन क्रॅशगार्डवर, खाली आणि पुढे, बांधणार आहे. बहुतेक जण कॅन मागच्या रॅकवर बांधतात. रायझरमुळे पुढचं चाक आधीच हलकं झालेल्या गाडीला ते मानवत नाही. शिवाय बऱ्याच पंपांवर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून कॅन तांदीच्या आधीच, जिथे मिळेल तिथे भरून घ्यायचा.

गिअरिंगचा प्रश्नही तिथे आपोआप सुटतो. तागलांग ला ही खिंड 5328 मीटरवर. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण 40 टक्के विरळ. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल-हवेचं मिश्रण सांभाळेल, पण हवाच नाही तर ताकद कुठून आणणार? 19 पीएसचे 11-12 उरतात. त्या चढाला 14 घेऊन जाणं म्हणजे क्लच जाळण्याचं आमंत्रण. लेहला 13. ज्यांना हायवेला लांब गिअर आणि घाटाला छोटा पहिला, दोन्ही हवे आहेत त्यांनी सरळ 2025 ची एक्सपल्स 210 चालवून बघावी, तिला सहावा गिअर आहे. आणि ज्यांना उंची व सस्पेन्शन हवं ते 200 चं प्रो मॉडेल बघतातच: पुढे 250, मागे 220 मिमी प्रवास, पण सीट 891 मिमीवर. माझ्या पायांना ते झेपणारं नाही.

आता उरलंय मागचं सस्पेन्शन. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) दहा पायऱ्यांचं आहे. मी एकटा बसलो की सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन जेवढं खाली बसतं तो, साधारण 50 मिमी येतो, ते बरोबर वाटतं. दोन बॅगा, तंबू आणि कॅन चढवला की 70 च्या पुढे जातो, प्रीलोड पूर्ण आवळला तरी 60 च्या खाली येत नाही, आणि मग मोठ्या खड्ड्यात शेवटचा ठोका पाठीत बसतो. म्हणजे प्रीलोडचं काम संपलं, स्प्रिंगच जाड हवी. पण जाड स्प्रिंग लावली की रिबाउंड (दबलेल्या स्प्रिंगची परतीची उसळी) आवरायला कंपनीचं डॅम्पिंग पुरेल का, ही शंका आहे. रोजच्या ऑफिसच्या फेरीत, बिनसामानाची गाडी स्पीडब्रेकरवर उडायला लागली तर तेही नको. त्यामुळे आधी सामानच कमी करून बघणार: स्टोव्ह आणि खुर्ची घरी, तंबू हँडलच्या पुढे. त्या वजनावर पुन्हा सॅग मोजायचा, 55 च्या आत आला तर स्प्रिंगचे पैसे ट्यूबांवर जातील. 21 ची एक जाड ट्यूब तर घ्यायचीच आहे, अडचणीत ती मागच्या 18 मध्येही दुमडून चालते.