बाहेर जाणारे संचालक

बोर्ड मीटिंगची मिनिट्स, म्हणजे बैठकीचं अधिकृत इतिवृत्त, लिहिणं हे माझं काम. त्यात एक ओळ ठरलेली असते: 'या विषयात हितसंबंध असल्याने अमुक संचालक चर्चेआधी बाहेर गेले.' लिहायला एवढीच, पण तिची तयारी आठवडाभर आधीपासून चालते. त्या विषयाची टिपणं त्यांच्या फाईलमधून काढायची, विषयांचा क्रम असा लावायचा की त्यांना सारखं ये-जा करावं लागू नये. ते लॅपटॉप मिटून उठतात आणि दार लागेपर्यंत खोलीत कोणी बोलत नाही.

टेक कंपन्यांचे बडे अधिकारी दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर असले की ही ओळ वारंवार लिहावी लागते. इतर धंदे सहसा आपापल्या जागी राहतात. टेक कंपनी आज सर्च करते, उद्या फोन काढते, परवा सिनेमे बनवते.

गूगलचे तेव्हाचे सीईओ एरिक श्मिट २००६ साली ॲपलच्या बोर्डावर आले, तेव्हा दोघांच्या धंद्यात फारसा संघर्ष नव्हता. मग अँड्रॉइड आलं आणि आयफोनच्या चर्चेतून श्मिट यांना बाजूला व्हावं लागलं. जुलै २००९ मध्ये गूगलने क्रोम ओएस या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली आणि ऑगस्टमध्ये त्यांनी बोर्ड सोडलं. स्टीव्ह जॉब्स यांनी कारण स्पष्ट सांगितलं: मीटिंगच्या आणखी मोठ्या भागातून बाहेर राहावं लागणार असेल, तर बोर्डावर त्यांचा उपयोग उरत नाही. स्पर्धक कंपन्यांत एकच व्यक्ती संचालक असण्यावर बंदी घालणारा अमेरिकेतला क्लेटन कायदा १९१४चा, आणि या दुहेरी संचालकपदांची सरकारी चौकशीही तेव्हा सुरू होतीच. दोन्ही कंपन्यांच्या बोर्डांवर असलेले आर्थर लेव्हिन्सन ऑक्टोबरमध्ये गूगलच्या बोर्डावरून उतरले.

डिस्नेचंही तेच झालं. फेसबुकच्या शेरिल सँडबर्ग आणि ट्विटरचे जॅक डॉर्सी २०१८ मध्ये तिथून बाहेर पडले. उलट दिशेने, डिस्नेचे बॉब आयगर यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये ॲपलचं बोर्ड सोडलं. त्याच दिवशी ॲपलने आपल्या टीव्ही सेवेची तारीख आणि किंमत जाहीर केली होती.

म्हणून अशा माणसांना बोलावूच नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. ॲपलचे टिम कुक २००५पासून नायकेच्या बोर्डावर आहेत. बुटांचा धंदा ॲपलच्या आड येत नाही. असा माणूस खोलीत असला की काय फरक पडतो ते मी जवळून पाहिलंय. नव्या सिस्टिमचं चकचकीत सादरीकरण संपलं, सगळे मान डोलावत होते, आणि टेक क्षेत्रातून आलेल्या आमच्या एका संचालकांनी एवढंच विचारलं, "जुनी सिस्टिम नक्की कोणत्या तारखेला बंद होणार? आणि बॅकअपमधून डेटा परत आणून बघितलाय का कधी?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. मंजुरी पुढच्या मीटिंगवर गेली. हा प्रश्न वकील किंवा बँकर विचारत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. अमेरिकेतल्या लिस्टेड कंपनीचा संचालक ७५ टक्क्यांपेक्षा कमी मीटिंगांना हजर असेल, तर त्याचं नाव भागधारकांना कळवावं लागतं. पण मीटिंगला येऊन निम्म्या विषयांना बाहेर बसलेला संचालक त्या हिशोबात हजरच धरला जातो. बाहेर राहिल्याची नोंद आम्ही मिनिट्समध्ये दर वेळी करतो. त्या नोंदींची नुसती बेरीज, कंपनीचं कुठलंही गुपित न फोडता, दर वर्षी संचालकाच्या नावापुढे छापता येईल. ती छापावी आणि भागधारकांनी मत देण्याआधी ती बघावी.